"घे" बंद झालं तेव्हा

पत्रा दाबायच्या त्या कारखान्यात एकेका प्रेसवर दोन माणसं असत. एकाने पत्रा सरकवायचा, हात बाहेर काढायचे आणि ओरडायचं, "घे!" मगच दुसऱ्याने दांडा ओढायचा. मालकाने हात आत आहे की बाहेर हे ओळखणारे दिवे बसवले आणि ओरडणं बंद करा म्हणून हुकूम काढला, तेव्हा सगळे हटून बसले. दिव्याच्या भरवशावर हात कोण घालणार?

मालकाने फोरमनला आत घेऊन दार लावलं. दिवे नीट चालले की दांडेवाले घरी जाणार, कामगारांची समजूत तूच काढायचीस, आणि तोंडातून ब्र काढलास तर पहिला तू जाशील, असं सरळ सांगितलं. फोरमन तसा वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. बाहेर आला तो थेट दांडेवाल्यांच्या म्होरक्याकडे गेला. म्होरक्या म्हणजे त्याचाच मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ.

"तू दिव्यावर काम सुरू केलंस की बाकीचे गप बसतील," फोरमन म्हणाला.

"दाजी, यात काही काळंबेरं नाही ना?"

"अरे, मी असताना?"

"मग झालं तर."

फोरमनला लाज वाटली, पण भीती त्याहून मोठी होती. मेव्हण्याने एकेकाला गाठून गळ घातली. "दिवा निदान तुझ्यासारख्या डुलक्या तरी काढत नाही," म्हणत थट्टा केली. सवयीने कुणी "घे!" ओरडून जीभ चावली की सगळे हसायचे. दिवे बिनचूक चालले, तेच वाईट झालं. दांड्याच्या जागी पत्रा सरकवणाऱ्याच्याच पायाशी प्रेसचा खटका बसला आणि दांडेवाल्यांना फाटक दाखवलं गेलं. त्यांनी मेव्हण्याची गचांडी धरली. "तूच आम्हाला बुडवलंस!" फोरमन काचेआडून बघत राहिला.

संध्याकाळी तो घरी आला, तर मेव्हणा फाटक्या शर्टाने खुर्चीत बसलेला. बायको नवऱ्यावर कडाडली, "तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच सांगा!"

"ताई, त्यांना नको बोलूस," मेव्हणा म्हणाला. "ठाऊक असतं तर दाजींनी मला पुढे केलं असतं का?"

दोघंही फोरमनकडे बघू लागले.

"नव्हतं ठाऊक," तो म्हणाला.

बायकोचा चेहरा निवळला. डोळे पुसून तिने ताटं घेतली आणि आधी त्याला वाढलं.