जिवंत भेग

"जिना डावीकडे की उजवीकडे?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घरमालकाचे इंजिनिअर हितेश चौधरी उभे होते; इमारत धोकादायक असल्याचा अहवाल त्यांचाच. "डावीकडे."

"नक्की?"

"आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला."

"साहेब, एवढी नोंद व्हावी," ॲडव्होकेट पंढरीनाथ उबाळे न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "सरस्वती भुवन या इमारतीला आतून जिनाच नाही. मागच्या गल्लीतून लोखंडी जिना आहे. साक्षीदारांनी अहवालाच्या पान सातवर लिफ्टच्या मशीनरूममधली गळती नोंदवली आहे. इमारत तीन मजली आहे. तिला लिफ्ट कधीच नव्हती."

मागच्या बाकांवर बसलेले भाडेकरू हसले. पट्टेवाल्याने त्यांना दटावले आणि स्वतःच तोंड फिरवून हसून घेतले.

"शेवटचा प्रश्न. तळमजल्यावर काय आहे?"

"पार्किंग असावं."

"तळमजल्यावर घरमालकांचे चोवीस यंत्रमाग दोन शिफ्टमध्ये चालतात. इमारत माणसांना राहण्यासाठी धोकादायक आहे, माग चालवण्यासाठी नाही, असं आपलं शास्त्रीय मत आहे का?"

चौधरींनी पाणी मागितले.

त्याच आठवड्यात हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत सरस्वती भुवनच्या चौदा भाडेकरूंना हलवू नये. धामणकर नाक्यामागच्या त्या गल्लीत पेढे वाटले गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवंताबाई एका खासगी दवाखान्यात आयाचे काम करत. त्या ड्युटीच्या साडीतच धावत आल्या आणि म्हणाल्या, "वकीलदादा, त्या इंजिनिअरला निस्ता भुईला खिळवलात!"

उबाळे हसले नाहीत. खोटा अहवाल खोटा ठरला, यात त्यांना पराक्रम दिसत नव्हता.

वकिलीची सनद त्यांना चाळिशीत मिळाली होती. त्याआधी सतरा वर्षे ते फौजेच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होते आणि पेरलेले सुरुंग काढणे हे त्यांचे काम होते. कारगिलच्या लढाईत एका उतारावरची वाट नकाशात हिरव्या शाईने 'मोकळी' दाखवलेली होती. ज्याने ती शाई लावली होती, तो त्या वाटेने चाललेला नव्हता. उबाळेंच्या पुढे चालणाऱ्या जोडीदाराचा पाय त्या वाटेवर राहिला आणि उबाळेंच्या डाव्या कानाचे ऐकू येणे. सुरुंग काढणाऱ्यांत एक रिवाज असे: जो वाट मोकळी म्हणेल, त्याने तिच्यावरून सगळ्यांत आधी चालायचे. हा नियम नागरी जीवनात कोणी का पाळत नाही, हे कोडे त्यांना अजून सुटलेले नव्हते. कोर्टाच्या आवारात कोणी डाव्या बाजूने येऊन कुजबुजू लागले, की ते म्हणत, "उजवीकडून बोला. आणि शेजारच्यालाही ऐकू जाईल असं बोला." म्हणून गावाने त्यांचे नाव 'फौजी वकील' ठेवले होते.

विरुद्ध बाजूचा अहवाल खोटा असल्याने इमारत भक्कम ठरत नाही, एवढे तर्कशास्त्र त्यांना ठाऊक होते. दाव्याच्या पुढच्या टप्प्यावर इमारत सुस्थितीत असल्याचा पुरावा त्यांना स्वतः द्यायचा होता. त्यासाठी त्यांनी सोपी पद्धत निवडली. खांबांवरच्या भेगांवर काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या ठेवून दोन्ही टोके सिमेंटने बसवायची आणि प्रत्येकीवर तारीख लिहायची. भेग जुनी, मेलेली असेल तर काच वर्षानुवर्षे तशीच राहते. भेग जिवंत असेल तर काच तडकते. काचेला कोणाची बाजू घेता येत नाही.

त्यांनी सात पट्ट्या लावल्या. अकराव्या दिवशी चार तडकलेल्या होत्या.

मागांच्या हादऱ्याने तडकल्या असतील, असे त्यांनी स्वतःलाच सुचवले आणि शंकेचा फायदा इमारतीला दिला. नव्या पट्ट्या त्यांनी गुरुवारी रात्रपाळीचे माग थांबल्यावर लावल्या आणि शुक्रवारभर, म्हणजे मागांच्या सुट्टीच्या दिवशी, खुर्ची टाकून समोर बसले. संध्याकाळी पाचच्या सुमारास, कुठलाही आवाज नसताना, पहिली पट्टी तडकली. मग गच्चीवरून ओळंबा सोडला. पंधरवड्यापूर्वी, पहिल्या पट्ट्या लावताना केलेल्या खुणेपासून तो दोन बोटे सरकला होता.

चौधरी न पाहता जे बोलले होते, ते खरे होते.

उबाळेंना आयुष्यात राग अनेकदा आला होता, पण हा निराळा होता. खोटारड्या माणसाने खरे सांगितले, की ते खरे पुढे दहा वर्षे कोणी हातात घेत नाही. त्या माणसाने लोखंडी जिन्याच्या पंचावन्न पायऱ्या चढण्याचे कष्ट घेतले असते, तर अहवाल खरा झाला असता. मग तो पिंजऱ्यात टिकला असता आणि कोर्टाने अटी घालून लोकांना वेळेवर बाहेर काढले असते. आता ते खरे बोलायला उरले होते एकटे उबाळे. आणि कोर्टात त्या खऱ्याची खिल्ली उडवणारेही तेच होते.

त्यांनी भाडेकरूंना गच्चीवर न बोलावता रस्त्यापलीकडच्या समाजमंदिरात बोलावले. काचा, तारखा, ओळंब्याची आकडेवारी समोर मांडली.

भाडेकरूंचे पुढारी दामू म्हात्रे. तीस वर्षे मागांच्या दुरुस्तीला जॉबर म्हणून राबलेला, त्यांच्या खडखडाटाने पिळवटलेला माणूस. "फौजीसाहेब, कोर्टात तुमीच बोल्लात ना, रिपोर्ट खोटा हाय म्हनून?"

"खोटाच आहे."

"मंग?"

"इमारतही धोकादायक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

"ये कैसा हिसाब है, साब?" दुसऱ्या मजल्यावरचा एक कारागीर म्हणाला. "कल तक मजबूत थी."

"कालही नव्हती. मी मोजलं नव्हतं."

"बाजूची चाळ खाली केली, तवाचे लोक नऊ वर्सं भाड्यानं फिरतायत," दामू म्हणाले. "शेठ आदी लिहून देऊ दे, खोली परत देतो म्हनून. मंग निघू."

"ते मी लिहून घेईन. पण खांब तुमच्या तारखेपर्यंत थांबणार नाही. आज निघा."

"शेठनं काय दिलं ते तरी सांगा! आमी पन पेढे खाऊ."

हशा झाला. उबाळेंचे हात टेबलावर स्थिर होते, कान मात्र लाल झाले होते. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, मी तुमच्या शब्दावर पोरीचं लगीन त्याच खोलीत धरलंय."

दुसऱ्या दिवशी घरमालक लडकूशेठ वकिलांच्या खोलीत आले. गळ्यात जाड साखळी आणि हातात शाल. ते नेमके डाव्या बाजूला बसले. "फौजी, शेवटी आपलं एकच झालं बघा."

"उजवीकडे या," उबाळे म्हणाले. शेठ उठून उजवीकडे आले. "आता ऐका. वरच्या चौदा घरांना तुम्ही नोटीस दिली. खालच्या बारा कामगारांना दिली नाही. आजही त्यांची शिफ्ट चालू आहे. म्हणजे इमारत पडेल असं तुम्हाला वाटत नव्हतं, किंवा वाटत असूनही खालचे कामगार त्यात गेले तर तुम्हाला चालणार होतं. यातलं कोणतं खरं, ते सांगा. मी त्याप्रमाणे शिवी निवडतो."

शेठ शाल घेऊन गेले. खोलीतले इतर वकील वर्तमानपत्रे वाचू लागले.

भाडेकरूंनी वकील बदलला. जुन्या वकिलाने नव्याच्या वकालतनाम्यावर 'हरकत नाही' असे लिहून द्यायचे असते. उबाळेंनी लिहून दिले. नवा वकील विशीतला, नम्र होता. "सर, काचांचं काही रेकॉर्डवर आणू नका हं. अशिलाची गोष्ट बाहेर सांगता येत नाही, तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

ते कलम उबाळेंना पाठ होते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने उघड करायचे नाही. त्यांनी ते पुन्हा काढून वाचले. काचेने सांगितलेल्याबद्दल त्यात काही नव्हते, पण पळवाट शोधणाऱ्यांचा त्यांना तिटकारा होता, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. मी नियम मोडतो आहे, असे स्वच्छ समजून त्यांनी महापालिकेच्या संबंधित खात्याला पत्र लिहिले, निरीक्षणांचा तक्ता जोडला, नाव, पत्ता आणि सनदेचा क्रमांक दिला. प्रत भाडेकरूंना, प्रत घरमालकाला, प्रत कोर्टाला.

खात्याचा इंजिनिअर आला. या खेपेस जिना चढून. त्याला अर्धा तास पुरला. कोर्टाने आपला हुकूम मागे घेतला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस बंदोबस्तात इमारत रिकामी झाली. गाद्या, देव्हारे, बाबासाहेबांच्या तसबिरी, फ्रीज, पिंपे गल्लीत आली. बायका उबाळेंना नाव घेऊन शिव्या देत होत्या. ते तिथेच होते. हातात फीत आणि वही घेऊन ते प्रत्येक खोली मोजत होते, कारण इमारत उद्या पाडली तर कोणाची किती जागा होती, याचा दुसरा पुरावा उरणार नव्हता.

"आता काय मापं घेतोस, मढ्याची?" दामू ओरडले.

उबाळेंनी दामूंच्या खोलीची लांबी दोनदा मोजली आणि मोठी आली ती लिहिली.

लडकूशेठचे मागही बंद झाले. पंधरा दिवसांत ते शेलार गावातल्या एका गोदामात सुरू झाले. मागांना हलवायला जागा होती.

दामूंनी बार कौन्सिलकडे तक्रार केली. अशिलांचा विश्वासघात. उबाळेंनी उत्तरात लिहिले: 'आरोपातील घटनाक्रम अचूक आहे.' सनद राहील की जाईल, ते ठरायचे होते. बाकीचे अशील मात्र त्याची वाट न पाहता गेले.

चार महिने झाले आणि इमारत उभीच होती. हे सगळ्यांत वाईट होते. नाक्यावरच्या चहावाल्याकडे रोज विनोद होत. "फौजी, पडली का?" दिवसाढवळ्या उभी असलेली वास्तू हा त्यांच्याविरुद्धचा सर्वांना दिसणारा पुरावा होता. जे घडले नाही, ते घडले असते, हे कोणत्याही काचेला दाखवता येत नाही. एका सकाळी त्या गल्लीवरून जाताना, ती आत्ता पडावी, असे आपल्याला वाटत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांना स्वतःची किळस आली आणि ते भराभर पुढे गेले.

मोजमापांचे नकाशे त्यांनी सुबक काढून घेतले होते. प्रत्येक भाडेकरूला ते स्वतः नेऊन देत होते. दामूंनी दार उघडले नाही. नकाशा फटीतून आत सरकवावा लागला. शेवंताबाई कोन गावात भावाच्या खोलीत राहत होत्या. मुलीचे लग्न पुढे गेले होते. त्या दारातच उभ्या राहिल्या, 'या' म्हणाल्या नाहीत. कागद घेऊन उजेडाकडे धरला आणि बोट फिरवत बराच वेळ वाचला.

"हे चुकलंय."

"काय?"

"दहा बाय बारा लिवलंय. माझी खोली दहा बाय साडेबारा हाय. ओट्यामागं भिंत आत गेलीय, तितं मी डबे ठेवायची. तुमी ओट्यापर्यंतच मापलंत."

उबाळेंनी वही उघडली. नोंद ओट्यापर्यंतचीच होती. त्या दिवशी ओट्यावर सामानाचा ढीग होता. इमारतीला आता सील होते. फेरमोजणी शक्य नव्हती.

"तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"एकोणतीस वर्सं ती भुई मी पुसलीय."

त्यांनी तेवढाच पुरावा विचारात घेतला. दाराच्या चौकटीला कागद टेकवून बारा खोडले, वर साडेबारा लिहिले, बाजूला छोटी सही केली, तारीख घातली. वहीतल्या नोंदीतही तशीच दुरुस्ती केली. शेवंताबाईंनी दोन्ही आकडे नीट तपासले आणि कागद घडी न करता आत नेला.