आपलं दुकान

"कुलपांचं नको," शेठ म्हणाला. "कुलूप माणूस एकदा घेतो आणि मरेपर्यंत वापरतो. गिऱ्हाईक परत आलं पाहिजे."

लिफ्टमामांनी मान डोलावली आणि डबा उघडला. इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटरशेजारी, ग्रीसचा वास मारणाऱ्या खोलीत आणखी एक धंदा निकालात निघाला. जेवणाच्या सुट्टीत असे धंदे काढायचे आणि हात धुवायच्या आत बुडवायचे, हा दोघांचा जुना खेळ होता. शेठ खरं तर ऑफिसच्या स्टोअरमधला कारकून. कागद, फिनेल आणि बल्ब सांभाळायचा आणि बोलायचा मात्र गाद्या-गिरद्यांवर बसल्यासारखा, म्हणून मामांनीच थट्टेनं त्याला शेठ नाव ठेवलं होतं. बोलताना दोघंही 'आपण' म्हणत. आपण बेकरी काढू, आपण सायकली भाड्यानं देऊ. भांडवल म्हणून दोघांच्या गाठीला हा एकच शब्द होता, आणि तो फुकटचा असल्यामुळे सढळ हातानं खर्च व्हायचा.

या वेळी मात्र मामांना खेळ सुचत नव्हता. महिनाअखेरीला नवी लिफ्ट बसणार होती, बटणं लोक आपली आपणच दाबणार होते. शेठचं स्टोअर कुठे जात नव्हतं. लिफ्टमधलं मामांचं स्टूल जाणार होतं. लेक म्हणत होती, बाबा, आमच्याकडे या. पण जावयाच्या घरी दाराजवळची खुर्ची अडवून बसायचं आणि कुणी आलं की उठायचं, हे त्यांना नको होतं.

मामा जरा घुटमळले, मग म्हणाले, "आजारपणाचं सामान भाड्यानं दिलं तर?"

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांनी घाबरून सगळं विकत आणलं होतं. वॉकर, खाट, चाकाची खुर्ची. थोडेच महिने ते लागलं. ती गेली आणि सामान घरात राहिलं. टाकवत नव्हतं, त्याच्याकडे बघवतही नव्हतं. अशी कितीतरी घरं असतील, मामा सांगत होते. ज्याला हवं त्यानं न्यावं, काम झालं की परत आणावं.

"आणि जो बरा होईल तो खुर्ची परत द्यायला हसत येईल. आपल्या दुकानात असं एखादं तरी माणूस येईल."

शेठचा घास हातातच राहिला. "मामा," तो म्हणाला, "हे चालेल."

इतक्या वर्षांत शेठनं पहिल्यांदाच एखादा धंदा मोडीत काढला नव्हता. त्या संध्याकाळी घरी जाताना मामांना जिना कधी चढून झाला तेही कळलं नाही. दिवसभर लोकांना वर नेणाऱ्या माणसाच्या घराला लिफ्ट नव्हती, आणि रोज शेवटच्या वळणावर ते त्यावरून स्वतःलाच हसत. त्या दिवशी ते हसायचंही विसरले.

रविवारी शेठ आपल्या मेव्हण्याला आणि टेम्पोला घेऊन आला. खुर्ची नमुना म्हणून हवी होती, तशाच आणखी कुठे मिळतात ते बघायला. मामांनी ती स्वतः जिन्यावरून खाली आणली. खुर्चीच्या उजव्या हाताला जुन्या गाउनची निळी पट्टी गुंडाळलेली होती. बायकोचा तळवा घामेजायचा आणि प्लास्टिकवरून सटकायचा, म्हणून तिनंच ती वेडीवाकडी गुंडाळली होती आणि गाठ मारताना नवऱ्याला त्यावर बोट धरायला लावलं होतं. मामांनी पट्टी एकदा चाचपली आणि खुर्ची टेम्पोत चढवली. दुकान आपलंच होतं.

त्यानंतर शेठ गच्चीवर यायचा बंद झाला. स्टोअरची तपासणी आहे म्हणाला, मग अंगात कणकण आहे म्हणाला. मामांनी एकट्यानं डबा खाल्ला, आणि नवी लिफ्ट बसली तेव्हा स्टूलही खाली ठेवून आले. मग शेठचा फोन आला.

"रविवारी ये. आम्ही दुकान काढलंय."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि मेव्हणा. पैसा त्यानं घातलाय ना. म्हटलं, या वयात तुझ्या डोक्याला कशाला व्याप."

मामा बरं म्हणाले.

तरीही ते गेले. पाटीवर ठळक अक्षरांत 'शेठ' असं नाव होतं. मामांनी ठेवलेलं नावसुद्धा त्यानं सोडलं नव्हतं. आत कुबड्या, वॉकर, खाटा मांडलेल्या, आणि दर्शनी भागात ती खुर्ची, पुसूनबिसून ठेवलेली, पाठीवर नंबर रंगवलेली.

शेठनं चहा मागवला, खांद्यावर हात टाकला. "सामान पोचवायला माणूस लागणारच आहे. मजल्यांची तुला सवय आहे, काय?"

मेव्हणा हसला. मामांना राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. आयुष्यभर वर-खाली करूनही ते इतक्या खाली कधी आले नव्हते.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं, खुर्ची आजच हवी होती. मेव्हण्यानं दर्शनी खुर्ची पुढे ढकलली. मामांनी चहा खाली ठेवला, खुर्चीपाशी वाकले आणि निळ्या पट्टीची गाठ सोडायला लागले.

"राहू द्या ना," गिऱ्हाईक म्हणालं. "धरायला बरी आहे."

"आईंना त्यांच्या हातानं दुसरी बांधू द्या," मामा म्हणाले.

शेठ ओशाळं हसला. "मामा, अरे सोड. लोक थांबलेत."

"खुर्ची तुमची," मामा मान वर न करता म्हणाले. "हे आमचं आहे."

गाठ घट्ट बसली होती, नखाला दाद देत नव्हती. दुकानातले सगळे जण थांबून राहिले, एकेकाळी लोक लिफ्टच्या दारात मामांची वाट बघत थांबायचे तसे. मामांनी घाई केली नाही. गाठ सुटली तेव्हा पट्टी उलगडून त्यांनी तिची नीट घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि त्यावर बोट धरून ते पायऱ्या उतरले.