बंगलोर पॅटर्न

खिडकी. चार बाय तीन. स्वतःच्या घराची. १९९४.

मखमलाबादला माझ्या आईच्या मळ्यात गिलक्याचा मांडव होता. वेल ज्या बारीक दोरीनं तार धरते, तिला तणावा म्हणतात. त्याचं टोक आधी तारेला विळखा घालतं. मग मधला भाग पीळ खातो, स्प्रिंगसारखा. अर्ध्यापर्यंत उजवीकडं. बोटभर सरळ. मग डावीकडं. प्रत्येक तणावा असाच. लहानपणी मला वाटायचं, वेल चुकते.

"चुकत नाय," आई म्हणाली होती. "दोन्ही टोकं धरलेली. मधल्यानं काय करावं? निम्मं असं, निम्मं तसं."

सातपूरला आम्ही घर बांधायला घेतलं तेव्हा मी सिमेंटच्या गोणीच्या कागदावर ते काढलं. उभे पाच तणावे, खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत. नवनाथची ग्रिलची शेड होती. नवनाथ माझा नवरा. तोंडावर मी अहो म्हणते, इथं नवनाथ पुरे.

त्यानं कागद आडवा धरला, उभा धरला.

"संजना, लोखंडात हे होत नाही. सळई पाइपावर गुंडाळली की एकाच बाजूला जाते. मधेच वळायला ती काय गिलकं आहे?"

कोंडाजी, शेडमधला जुना वेल्डर, खूप हसला. "वहिनी, सळईला कसं सांगू, आता डावीकडं वळ बाई म्हणून?"

मीही हसले. सरळ गज बसले. तात्पुरते.

बाल्कनी. नऊ बाय अडीच. कॉलेज रोड. १९९७.

सृष्टीला शाळेचे बूट घ्यायला गेले होते. सहज वर पाहिलं.

पहिल्या मजल्यावर, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये, अकरा तणावे. चार पीळ उजवीकडं, बोटभर सरळ, चार डावीकडं.

"आई, चल ना," सृष्टी हात ओढत होती. मी अकरावा बघून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघत होते.

घरी.

"जमलं की लोखंडात."

"काय?"

"कॉलेज रोड. बाल्कनी."

"हां, ते. कोंडाजीनं युक्ती काढली. अर्ध्यात सळई सोडवायची, फिरवायची, परत गुंडाळायची. लय वेळ खातं."

"मला बोलला नाहीत."

"अगं विसरलो. आपलीपण करू. गिऱ्हाइकाची आधी होऊ दे."

"कोणी काढलं म्हणून सांगितलंत त्यांना?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. अजून एक मोडला. पहिला खाल्लाच नव्हता.

"बंगलोर पॅटर्न."

"काय पॅटर्न?"

"बायकोनं काढलंय म्हटलं की माणूस म्हणतो, जरा दुसरं दाखवा. बंगलोरचा आर्टिस्ट म्हटलं की बसतो, चहा घेतो. धंद्याचं बोलणं असतं गं ते. तुला काय फरक पडतो?"

मापं वेगवेगळी. १९९७ ते २००२.

इंदिरानगर, जिन्याचा कठडा. सिडको, सहा खिडक्या. अशोकनगर, देवघराची दारं. निफाडच्या एका बागाइतदाराचा बंगला, चारी बाजूंनी. रोज द्राक्षाच्या वेलीत फिरणाऱ्या त्या माणसाला आपल्या ग्रिलवर काय आहे ते ओळखू आलं नाही. म्हणाला, बंगलोरची नक्षी भारी असते.

मी बसनं जाताना खिडकीशी बसायचे. एका घरात तणाव्याला मनीप्लांट चढवलेला. एका घरात मोजे वाळत. एका जिन्यात एक मुलगी पिळात बोट फिरवत पाढे म्हणत होती. उजवीकडं सातचा पाढा, डावीकडं आठचा. ती मला आवडली.

आणि मी देतही गेले. हे सांगायला हवं. मक्याच्या पानाची मधली शीर दिली, झोपाळ्यासाठी. शेवग्याची शेंग दिली, पडद्याच्या दांड्यासाठी. प्रत्येक वेळी नवनाथ कागद पेन्सिल स्वतः आणून ठेवायचा. "काढ ना. या वेळी आपली खिडकी नक्की." प्रत्येक वेळी मला ते खरं वाटायचं. कागद संपेपर्यंत तरी.

गेट. सात बाय पाच. २००३.

सावळीराम सर रविवारी शेडवर आले. नांदगावला शाळेत विज्ञान शिकवायचे, निवृत्त होऊन नाशकात घर बांधत होते. मी नवनाथचा डबा घेऊन नुकतीच पोचले होते.

"तीस वर्षं मी फळ्यावर तणावा काढला," सर म्हणाले, "आणि एकाच दिशेनं पीळ देऊन काढला. चूक. तुमच्या ग्रिलमध्ये बरोबर आहे. हा माणूस तासन्‌तास मांडवाखाली बसलेला असणार. मला त्याला भेटायचंय. पत्ता द्या, मी बंगलोरला जातो."

कोंडाजीनं वेल्डिंग थांबवलं. काच कपाळावर ढकलली आणि माझ्याकडं पाहिलं.

नवनाथनंही माझ्याकडं पाहिलं. एक बोट माझ्याकडं केलं असतं तरी पुरलं असतं. मी डबा खाली ठेवला. हात पदराला पुसले, कोणी ओळख करून देणार असलं की पुसतो तसे.

"तो गेला, सर," नवनाथ म्हणाला.

"कुठं?"

"वारला. दोन वर्षं झाली."

सरांनी टोपी काढली. "अरेरे. नाव काय होतं?"

"नाव... आता लक्षात नाही."

"एवढं काम केलं त्यानं, आणि नाव नाही?" सर टोपी छातीशी धरून उभे राहिले, म्हणजे माझ्यासाठीच. मग म्हणाले, "त्याच्या हातचं काही शिल्लक असेल तर तेच माझ्या गेटला बसवा."

माप नाही.

घरी येऊन मी देव्हाऱ्यावर फडकं टाकलं. दिवा लावला नाही. भाजीला फोडणी दिली नाही.

"हे काय?" नवनाथनं विचारलं.

"सुतक."

"कोणाचं?"

"बंगलोरच्याचं. इतकी वर्षं आपल्याच घरात होता. दहा दिवस धरते."

तो हसला. दुसऱ्या दिवशी हसला नाही, नुसता जेवला. तिसऱ्या दिवशी ताट सारलं.

"नाटक पुरे."

"सरांना जाऊन सांगा, जिवंत आहे म्हणून. नाव सांगा. लगेच फोडणी टाकते."

"सहा वर्षं बंगलोर सांगितलंय. आता बायको सांगू? मार्केटमध्ये काय तोंड दाखवू?"

त्यानं मोटरसायकलची किल्ली घेतली. दारापर्यंत गेला. किल्ली परत खिळ्याला अडकवली.

चौथ्या दिवशी शेजारच्या अक्काबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. सुतकाच्या घरी शेजारी आणतात तसं, फडक्याखाली झाकून.

"काय बाई तू! घरात माणूस गेलं आन् सांगितलं नाय? कोण गेलं?"

नवनाथ खिडकीपाशी खाटेवर पेपर घेऊन बसला होता. अजूनही त्याला सोपं होतं, एवढंच म्हणायचं: कोणी गेलं नाही अक्का, ही रुसलीय, ते सगळं हिनंच काढलेलं आहे. अक्काबाई मोठ्यानं हसल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर केलं असतं. मला तेवढीच गल्ली हवी होती.

त्यानं पेपर दुमडला.

"लांबचे होते," तो म्हणाला. "बंगलोरला."

"लांबचे?" अक्काबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं मग तीनच दिवस असतंय! दहा कशाला धरतीस? तुझं कालच फिटलं. ऊठ, डोक्यावरून पाणी घे."

खरंच. लांबच्याचं तीनच दिवस असतं.

मी उठले. पाणी तापवलं नाही. मोरीचं दार लावलं आणि तांब्या डोक्यावर उपडा केला.

बाहेर अक्काबाई गेल्याचा आवाज आला. मग नवनाथचा, एकदम मोकळा झालेला.

"झालं का गं? आज सरांच्या गेटचं तेवढं काढून देशील ना?"

मी दुसरा तांब्या भरून घेतला.