शेंगदाण्याच्या तेलातला हिलाल

जळगावचे डाळमिलवाले रुपचंदशेठ साठाव्या वर्षी चित्रकार झाले, ते कलेच्या ओढीने नव्हे, व्याह्यावरच्या जळफळाटाने. धुळ्याचे त्यांचे व्याही प्रेमराजशेठ दोन डोंगर आणि एक नदी काढून गावभर कलावंत म्हणून मिरवत.

"डोंगर काय, तो हलतोय थोडाच!" शेठ म्हणाले. "मी जिवंत माणूस काढतो, तैलरंगात. मे महिन्यात धुळ्याच्या प्रदर्शनात व्याह्याचं नाक कापलं नाही, तर मिलला कुलूप लावीन."

माणूस मिलमध्येच होता. चोपड्याकडचा हिलाल हमाल क्विंटलभराचं पोतं असं उचले, की पोत्यालाच लाज वाटावी. त्याला नुसत्या लंगोटीत पोत्यांच्या थप्पीवर बसवला. शिकवायला मेहरूणचे चित्रकलेचे नासीर सर आले. हिलाल इतका स्तब्ध बसे, की तिसऱ्या दिवशी चिमणीने त्याच्या खांद्यावर घरट्याच्या काड्या आणायला घेतल्या.

"शेठ, आधी हाडं बघा. खांदा कुठे वळतो, सावली कुठे पडते..."

"सर, चाळीस वर्षं डाळीला पॉलिश करतोय मी. चकाकी मला शिकवू नका."

सरांनी रंगात कालवायला जवसाच्या तेलाची बाटली दिली आणि नमुना म्हणून लंगोटी तेवढी स्वतः रंगवून दाखवली. शेठने बाटली दोन बोटांत धरली. "हे तेल की कानात घालायचं औषध?" आणि घरातून शेंगदाणा तेलाचा डबा मागवला.

थप्पीवरून हिलाल बोललाच, "शेठ, हाई तेल सुकाव नही. आमना आबा गाडाले जवसनंच तेल लावे. चार दिनमा कोरडं."

"तुझं तोंड काढायला ठेवलंय, बोलायला नाही."

सर उठून गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. शेठने एकट्याने कॅनव्हासवर हिलाल असा घोटला, की हमाल तुरीच्या डाळीसारखा चमकू लागला. महिना झाला तरी चित्र ओलंच. मुंग्या लागल्या. "ताजेपणा म्हणतात याला," शेठ म्हणाले.

प्रदर्शनाच्या दिवशी चित्र लाकडी पेटीत उभं घालून जीपच्या टपावर बांधलं. शेजारी हिलाल, पुरावा म्हणून. ऊन असं, की पारोळ्याचं डांबर चाकाला चिकटून धुळ्यापर्यंत मागोमाग आलं.

चारचौघांसमोर शेठने पेटी उघडली. हिलालची छाती घसरून पोट झालं होतं, गाल हनुवटीखाली लोंबत होते, खांदे तर उरलेच नव्हते. लंगोटी तेवढी जागच्या जागी.

प्रेमराजशेठनी चित्राकडे पाहिलं, मग शेठच्या सुटलेल्या पोटाकडे, मग पुन्हा चित्राकडे.

"वा, व्याही! स्वतःला काढलंत! हुबेहूब! आणि तेही लंगोटीवर! एवढी हिंमत माझ्यात नाही बुवा."

विहीणबाईंनी तोंडात पदर कोंबला.

हा हिलाल आहे म्हणावं, तर खरा हिलाल शेजारी दगडासारखा उभा. म्हणजे चित्र काढता येत नाही हे कबूल केल्यासारखंच. शेठने घाम पुसला.

"हो," ते म्हणाले. "मीच."

व्याह्यांनी ते हट्टाने मागून घेतलं आणि दिवाणखान्यात टांगलं. जीपमध्ये चढताना हिलाल म्हणाला, "मी पहिलेच सांगेल व्हतं, शेठ."

चित्र अजून सुकलेलं नाही. दर दिवाळीला पोट बोटभर खाली येतं. शेठ धुळ्याला गेले, की चित्राकडे पाठ करून फराळ करतात. लंगोटीला मात्र ओरखडा नाही; ती जवसाची.