काचेची गाडी आणि हुंकार

काचेच्या दुकानातल्या थोरल्या ड्रायव्हरला सगळे सावकाशराव म्हणत. बावीस वर्षांत त्याने एकही काच फोडली नव्हती. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची तसदी त्याने कधी घेतली नाही. त्याच्या गाडीच्या मागे एक तिरकी लाकडी चौकट होती, दुकानात तिला घोडी म्हणत. काचा त्या घोडीवर उभ्या टेकवायच्या, मध्ये रबराच्या पट्ट्या घालायच्या आणि खाली लाकडी पाचर ठोकायची. पाचर ढिली झाली की काच बारीक किणकिणते. ती किणकिण ऐकून गाडी थांबवली तर काच वाचते, नाही ऐकली तर झाडू शोधावा लागतो. सावकाशराव म्हणायचा, काचेची गाडी डोळ्यांनी कुणीही चालवेल, ती कानांनी चालवावी लागते.

आणि त्याच कानांनी तो रोज अकरा ते एक बायकोशी फोनवर बोलायचा. हातात फोन धरून नव्हे, तो काही वेडा नव्हता. गाडीतल्या स्पीकरवर, दोन्ही हात चाकावर ठेवून. बायको मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायची, दुपारी दोन ते रात्री दहा. तो सकाळी आठला बाहेर पडायचा तेव्हा ती झोपलेली असायची आणि ती घरी यायची तेव्हा हा घोरत असायचा. सहा वर्षं असंच चाललं होतं. रविवार सोडला तर दोघांचा संसार म्हणजे ते दोन तास होते.

त्यामुळे मालकीणबाईंनी परवा भिंतीवर कागद लावला तेव्हा तो तडक त्यांच्याकडे गेला. कागदावर लिहिलं होतं की गाडी चालवताना फोन बंद, हातातला, कानातला आणि स्पीकरवरचाही. हे सगळं धाकट्या ड्रायव्हरमुळे झालं होतं. एका केशकर्तनालयाचा सहा फुटी आरसा पोचवायला तो निघाला आणि वाटेत मेहुण्याचा फोन आला. मेहुण्याला गावाबाहेरून स्वतःच्या घरी परत कसं यायचं ते कळत नव्हतं. हा स्पीकरवर त्याला रस्ता सांगत गेला, डावीकडे वळ, पुलाखालून ये, तिसरी गल्ली घे, आणि सांगता सांगता स्वतःच तसतसा वळत गेला. शेवटी मेहुणा घरी पोचला तर दारात आरसा घेऊन हा उभा. तिकडे गिऱ्हाइकं अर्धवट कापल्या केसांनी रिकाम्या भिंतीकडे बघत बसली होती.

"त्याची शिक्षा मला कशाला?" सावकाशराव मालकीणबाईंना म्हणाला. "त्याचं डोकं मुळातच पातळ आहे. माझं लक्ष कधी हललंय का?"

"बोलताना हलतंच."

"माझं नाही हलत. परीक्षा घ्या."

मालकीणबाईंना परीक्षा घ्यायला फार आवडायचं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी दुकानामागच्या मैदानात काचा बसवायच्या लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, रिकामे डबे मांडले, नागमोडी, दोन रांगांत. घोडीवर एक मोठा आरसा चढवला. आणि काचा कापणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने, त्यांच्याच सांगण्यावरून, एक पाचर बोटभर सैल करून ठेवली. सावकाशरावाला यातलं काही माहीत नव्हतं. मालकीणबाई त्याच्या शेजारी बसल्या, खिडक्या उघड्या ठेवल्या, आणि वेळ झाली तसा बायकोचा फोन आला.

"अहो, ऐकताय ना?"

"हं."

खरं सांगायचं तर सावकाशरावाच्या या संभाषणकलेत तीनच शब्द होते. बायकोचा आवाज सपाट असला की 'हं'. वाक्य संपून ती श्वास घ्यायला थांबली की 'बरं'. आणि आवाज शेवटी वर चढला, म्हणजे काहीतरी विचारलं आहे असं वाटलं, की 'बघू पुढच्या महिन्यात'. या तिघांच्या जोरावर त्याने सहा वर्षं काढली होती. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. बायकोशी आपण भरभरून बोलतो अशीच त्याची समजूत होती आणि रोज एक वाजता फोन ठेवल्यावर त्याला खरोखरच बरं वाटायचं.

गाडी डब्यांमधून सरकू लागली. बायको शेजारच्या जिन्यातल्या दिव्याचं सांगत होती, मग नळाचं. 'हं', 'हं', 'बरं'. एकही डबा हलला नाही. दुसऱ्या वळणावर बायकोचा आवाज बदलला, जरा हळू झाला. मालकीणबाई सावरून बसल्या. मैदानात उभा असलेला कारागीरही कान टवकारून पुढे आला. तेवढ्यात मागून अगदी बारीक किणकिण आली आणि सावकाशरावाचं सगळं अंग त्या आवाजाकडे लागलं. इकडे स्पीकरवरचा आवाज शेवटी वर चढला.

"बघू पुढच्या महिन्यात," सावकाशराव म्हणाला.

"बरं," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याने गाडी लोण्यासारखी थांबवली, मागे जाऊन पाचर ठोकली, आरशावरून एकदा हात फिरवला आणि विजयी मुद्रेने परत आला. "काय म्हणालो होतो? घ्या. बोलत होतो की नाही? काच वाचली की नाही?"

मालकीणबाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. "सावकाशराव, तुम्ही नको का म्हणालात?"

"कशाला नको म्हणालो?"

"अहो, दिवसपाळीला. वहिनी म्हणाल्या, खिडकीवरची सकाळची जागा रिकामी झालीय, आज दोनपर्यंत सुपरवायझरबाईंना हो किंवा नाही सांगायचंय. घेऊ का, म्हणून विचारलं त्यांनी. तुम्ही म्हणालात, बघू पुढच्या महिन्यात."

"रडवेला झाला होता आवाज," कारागिराने खिडकीतून आत डोकं घालून भर घातली.

बायकोला दिवसपाळी मिळावी म्हणून सहा वर्षं सावकाशराव झुरत होता. संध्याकाळी दोघांनी समोरासमोर बसून चहा घ्यावा, एवढंच त्याला आयुष्याकडून हवं होतं. आणि ते दारात आलं तेव्हा त्याने महिनाभर थांबायला सांगितलं होतं. त्याने लगेच फोन लावला. बायकोने उचलला नाही. मग पुन्हा लावला, मग अजून चारदा. दुपार झाली तरी तेच. तिला राग आला की ती फोन पिशवीच्या तळाशी टाकायची, हे निदान त्याला ठाऊक होतं.

"जा," दीड वाजता मालकीणबाई म्हणाल्या. "गाडी न्या. आणि त्या नियमाचं काय करू?"

"राहू दे भिंतीवर," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरांत लिहा."

रिकामी गाडी घेऊन तो निघाला. चौकातला सिग्नल सुटून गाडी हलली आणि फोन वाजला. बायकोचाच होता. चाकावरचं एक बटण दाबायचा अवकाश, की बोलणं सुरू. त्याचा अंगठा बटणावर गेलाही. पण समोर बस होती, उजवीकडून एक सायकलवाला घुसत होता आणि सावकाशरावाला आपल्या तोंडातून निघणारा 'हं' आधीच ऐकू आला. त्याने अंगठा काढून घेतला. कडेला जागा मिळून गाडी लावेपर्यंत फोन थांबला होता. त्याने उलट लावला तर बंद. ड्यूटीवर जाताना फोन कपाटात ठेवायचा, असा इस्पितळाचा नियम होता. नियमांनी त्याचा आज पिच्छाच पुरवला होता.

इस्पितळात पोचला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. चौकशीच्या खिडकीपुढे रांग होती. पुढे घुसायला गेला तर एका काठीवाल्या आजींनी काठी आडवी धरली. मग तो निमूट रांगेत राहिला. पुढचा माणूस एक्स-रे कुठे काढतात हे विचारण्याआधी आपला खांदा कसा दुखावला ते पहिल्यापासून सांगत होता आणि बायको ते सगळं शांतपणे ऐकून घेत होती. मध्येच तिने त्याला एक नेमका प्रश्नही विचारला. सावकाशरावाला त्या खांदेवाल्याचा हेवा वाटला.

"कुठला वॉर्ड?" त्याची पाळी आली तेव्हा बायकोने मान वर न करता विचारलं.

"दिवसपाळी घे."

तिने वर पाहिलं. "पुढच्या महिन्यात बघू म्हणालात ना?"

"मी ऐकलंच नव्हतं. डबे होते, पाचर सैल होती... ऐकलंच नव्हतं गं."

"माहीत आहे मला."

"आज कळलं?"

"सहा वर्षं माहीत आहे. दिवसभर लोकांशीच बोलते मी. कोण ऐकतंय आणि कोण नुसतं हुंकार भरतंय, एवढं कळतं." तिने समोरची वही बंद केली. "दिवसपाळी मी कालच घेतली. एक तारखेपासून."

"मग मला विचारलंस कशाला?"

"मी रोजच काहीतरी विचारते. एखाद्या दिवशी ऐकाल म्हणून."

सावकाशरावाचे तिन्ही शब्द इथे निरुपयोगी होते. सहा वर्षांत तिने सांगितलेल्यातलं काहीतरी आपल्याला आठवतंय हे दाखवावं म्हणून त्याने डोकं खाजवलं, आणि देवाच्या कृपेने एक गोष्ट सापडली.

"तुझ्या बहिणीचा गुडघा कसा आहे आता?"

"गेल्या वर्षीच बरा झाला," बायको म्हणाली. "सरका बाजूला, लोक खोळंबलेत."

तो बाजूला सरकला. मग फोन काढून बंद केला, खिशात टाकला, आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला.