चाळीस डाव्या बाह्या

तिने नर्सांच्या गणवेशांच्या गठ्ठ्यातल्या वरच्या दोन बाह्या उचलून शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्या. तिसरी काढली, तीही डावीच. मग गठ्ठा मधूनच उचकून पाहिला आणि हात मागे घेतला.

कापड अंथरताना एक थर सुलट, त्यावर एक उलट घालायचा, म्हणजे एकाच कापणीत दोन्ही हातांच्या बाह्या निघतात. अकरा वर्षं ती हेच करत आली होती. आज चाळीसही थर सुलटेच पडले होते. अंथरताना मन कुठे होतं, ते तिला आठवेना.

कटिंग मास्तर आले. त्यांनी बोटाने गठ्ठा चाळला.

"वीस नर्सा, आणि सगळ्यांचे दोन्ही हात डावे. अशा शोधून आणायच्या का आता?"

शिलाईवरच्या बायका हसल्या. तीही थोडी हसली.

"लक्ष असतं कुठे गं तुझं? मागच्या महिन्यात खिसे, आज हे. आणखी एकदा झालं तर कापणीचं टेबल सुटेल, सांगून ठेवतो."

पर्समध्ये डॉक्टरांची चिठ्ठी होती. वरच्या ओळीत अवधानाचा विकार, खालच्या ओळीत अर्धशिशी. "पुष्कळदा जोडीनं आढळतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "का, ते नीट कळलेलं नाही. उपचार दोन्हींवर आहेत. कामावर सांगून टाका."

तिने चिठ्ठी काढली. वरची ओळ मागे दुमडली, नखाने घडी पक्की केली आणि ती मास्तरांपुढे धरली.

मास्तरांनी वाचलं. आवाज उतरला.

"अर्धशिशी? अगं, मग बोलायचं नाही का? माझी आई भिंतीवर डोकं आपटायची. आत्ता दुखतंय?"

डोकं अजिबात दुखत नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"जा, कापडाच्या खोलीत दिवा मालवून पड. आणि उद्यापासून काजांवर बस. असलं डोकं घेऊन पात्याजवळ उभं राहायचं नाही. बोटं काही परत शिवता येत नाहीत."

"मास्तर, टेबल मी..."

"टेबलाचं मी बघतो. तू पड जरा."

चिठ्ठी हातात परत आली. तिने ती तशीच दुमडलेली पर्समध्ये टाकली.

कापडाचे तागे भिंतीला टेकून उभे होते. ती जमिनीवर आडवी झाली. बाहेर कटिंग मशीन सुरू झालं. तिच्या जागी कुणीतरी कापत होतं आणि बाहीच्या वळणावर नको तेवढं थांबत होतं. थोड्या वेळाने मास्तरांनी दार किलकिलं केलं.

"डोकं उतरलं का गं?"

"नाही अजून."

दार लागलं. अंधारात पाहायला कुणी नव्हतं. तरी तिने दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबून धरली.