दया नव्हती ती

"अव्वल? ओटिंगर?" बडने काटा ताटलीत आपटला, तशी ग्रेव्ही त्याच्याच बाहीवर उडाली. "अरे, अजिंक्यपद जिंकून शिडीवर चढतो आणि रिंगची जाळी कापून गळ्यात घालतो, त्याला अव्वल कोच म्हणतात. हा माणूस जन्मात कधी शिडी चढलाय का?"

"जाळीच म्हणजे सगळं नव्हे," हॅरॉल्ड म्हणाला.

"मग काय सगळं? प्रार्थना?"

हॅरॉल्ड आमच्या चर्चचा निवृत्त पाद्री, बड बी-बियाणांचा दुकानदार. मी वाढायला असते त्या हॉटेलात दोघं रोज सकाळी त्याच टेबलावर बसतात, तेच खातात आणि तेच भांडतात. मी कॉफीचं भांडं घेऊन उभी होते. इंडियानात जन्माला आलेल्या बाईला बास्केटबॉलपासून सुटका नाही, आणि ऑरविनसारख्या कॉलेजच्या गावात तर मेल्यावरही नसावी. त्यात त्या आठवड्यात कहर झाला होता. शनिवारी कॉलेजच्या कोर्टाला ओटिंगरांचं नाव द्यायचं ठरलं होतं आणि रेडिओवाला रोज सकाळी लोकांना विचारत होता, वर्न ओटिंगर खरोखर अव्वल कोच होते का? लोकांना तरी दुसरा काय उद्योग?

"जिंकायचा सामना त्यानं हातानं घालवला," बड म्हणाला. "संघातला हिरा तो व्हीलन, त्याला बाकावर बसवला आणि शेवटच्या चेंडूला कोण कोर्टावर? लायल क्रेब्स!"

असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. "राग मानू नकोस, डोरीन."

"तुझा राग मानायला लागले तर कॉफी कोण ओतेल?" मी म्हटलं.

लायल क्रेब्स माझा नवरा. तो कॉलेजच्या संघात होता, म्हणजे बाकावर होता. सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा, सामन्यात टॉवेल द्यायचा. आमच्याकडे हंगामातला घरचा शेवटचा सामना शेवटच्या वर्षाच्या पोरांचा. त्यांच्या आयांना कोर्टाच्या मधोमध बोलावून फुलं देतात आणि सुरुवातीला त्या पोरांनाच उतरवतात, मग कुणी कितीही कच्चा असो. दोन-चार मिनिटं खेळले की त्यांना परत बोलावायचं आणि खरी माणसं पाठवायची. लायलच्या शेवटच्या वर्षी नेमकं त्याच सामन्यावर सगळं अडलं होतं. जिंकलो असतो तर गावाच्या इतिहासात पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत गेलो असतो. कोचने बाकीच्यांना परत बोलावलं, पण लायलला नाही. तो शेवटपर्यंत खेळला, आणि शेवटच्या क्षणी समोरच्या ग्रँट्सबरो संघातल्या एका लंबूने त्याच्या डोक्यावरून बास्केट मारली. एका गुणाने हरलो.

तेव्हापासून गावात दोन पक्ष. बडचा पक्ष म्हणतो, भावनेच्या भरात वाहून जातो तो कसला अव्वल? हॅरॉल्डचा पक्ष म्हणतो, पोराची आई बघत होती, म्हणून त्या देवमाणसाने सामन्यावर पाणी सोडलं, ह्यापेक्षा मोठं ते काय? आणि दोन्ही पक्षांना माझा नवरा लागतो, एकाला चूक म्हणून, दुसऱ्याला पुण्य म्हणून.

तेवढ्यात लायल आत आला. हॅरॉल्डने त्याला हाक मारली.

"लायल, बाबा, शनिवारी तू बोलायचंस. सामन्याच्या मध्यंतरात. दोन शब्द फक्त. कोचनं तुझ्यावर जी दया केली, त्याबद्दल."

"कसली दया?" लायल म्हणाला.

हॅरॉल्ड हसला आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. "हेच, हेच. हा नम्रपणाच लोकांना आवडतो."

माझ्या हातात गरम कॉफी होती. हॅरॉल्डचं नशीब, की मी चर्चला जाते.

लायलचा धंदा मिठाचा. आमच्याकडचं पाणी जड, म्हणून घरोघर तळघरात पाणी मऊ करायची टाकी असते आणि तिला मीठ लागतं. लायल गोणी खांद्यावर टाकून जिना उतरतो, टाकी भरतो, वर येतो. गावातलं एक तळघर त्याला परकं नाही. आणि ज्याच्या त्याच्या घरात शिरायचं म्हटल्यावर कुणाशी वाकडं बोलून भागत नाही. कुणी म्हणतं, "तुझं नशीब थोर, असा कोच मिळाला," की हा "हो" म्हणतो आणि गोणी उतरवतो. घरी आल्यावर मात्र जेवत नाही. लोकांना वाटतं त्याला हरल्याचं दुःख आहे. तसं नाही. त्या लंबूला त्याने अख्खा सामना बांधून ठेवला होता, फक्त एकदा सुटला. त्याला कुणी हरणारा म्हटलं तर चालेल. पण त्याला भीक घातली होती, असं म्हणतात, ते त्याला सोसत नाही. मला तर त्याहून सोसत नाही.

गुरुवारी माझी सुट्टी होती. लायल ओटिंगरांकडे मीठ टाकायला निघाला, तशी मीही पर्सिमनच्या फळांचं पुडिंग घेऊन गाडीत बसले.

"तू कशाला?" त्याने विचारलं.

"म्हातारा आजारी आहे. माणुसकी नको?"

त्याला माझी माणुसकी ठाऊक आहे. त्याने गाडी सुरू केली.

कोच खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. अंगात काही उरलं नव्हतं, पण भुवया अजून तशाच. त्यांची मुलगी कार्ला स्वयंपाकघरात भांडी घासत होती. लायल तळघरात उतरला. मी पुडिंग वाढलं, त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "विचार."

"काय विचार?"

"पुडिंग घेऊन आलीस म्हणजे काहीतरी विचारायचंय. मी म्हातारा झालोय, बावळट नाही."

"त्या रात्री लायलला शेवटपर्यंत का ठेवलंत?"

"पेपरात आलंय की. त्याची आई बघत होती."

"पेपर मी वाचलाय, कोच. मी तुम्हाला विचारतेय."

खालून टाकीत मीठ ओतल्याचा आवाज येत होता, तो थांबला. तळघराचं दार उघडंच होतं. कोचना कमी ऐकू येतं, त्यांना ते कळलं नाही.

"उतरवला तो रिवाज म्हणून," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षाला शेळी असती तर तीही उतरवली असती. पण ठेवला तो... हे बघ पोरी, व्हीलन बास्केट मारायचा झकास. बचावाला उभा राहिला की त्याची नजर प्रेक्षकांत. आपल्याला कोण बघतंय! तुझा नवरा समोरच्याच्या कमरेकडे बघायचा. माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो, कमरेनं नाही फसवू शकत. हे मी जन्मभर पोरांना घसा फोडून सांगितलं. ऐकलं त्यानं. त्या लंबूला आवरणारा माझ्याकडे दुसरा कुणी नव्हता. आज सामना झाला तर आजही त्यालाच पाठवीन."

"मग आईचं काय?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हरल्यावर पेपरवाले दारात उभे होते. 'व्हीलनपेक्षा क्रेब्स चांगला वाटला' असं बोललो असतो तर हसले असते, आणि आठवड्याभरात माझं सामान रस्त्यावर आलं असतं. चुकीला माफी नसते. दयेला असते. म्हटलं, त्याची आई बघत होती. बायकांनी डोळे पुसले. कॉलेजनं मला नवीन करार दिला."

"आणि लायल?"

"त्याला काय झालं? सगळं गाव त्याच्याशी प्रेमानं बोलतं."

"बाबा!" कार्ला दारात येऊन उभी होती.

"काय बाबा? मी दयाळू होतो का? तूच सांग."

"नव्हतात," कार्ला म्हणाली.

मी पुडिंगचं भांडं उचललं. अर्धंअधिक शिल्लक होतं.

"ते कुठं चालवलंस?"

"घरी," मी म्हटलं. "दया पुरे झाली."

लायलने गाडी काढली. गावाबाहेरच्या धान्याच्या सायलोपाशी आल्यावर मी विचारलं, "ऐकलंस ना?"

"हं."

"शनिवारी जायचं नाही."

"जायचं."

"जाऊन काय बोलणार? 'थँक्यू कोच'?"

"बघू," तो म्हणाला. माझ्या नवऱ्याचं "बघू" म्हणजे काय, हे इतकी वर्षं संसार करूनही मला सांगता येत नाही. मी दोन रात्री नुसती धुमसत होते. मला खात्री होती की तो जाईल, सगळ्यांची तळघरं डोळ्यांपुढे आणेल आणि मान डोलावून परत येईल.

शनिवारी कोर्टावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मध्यंतरात कोचना खुर्चीतून मधोमध आणलं. नव्या रंगात त्यांचं नाव चकाकत होतं. हॅरॉल्डने माइक हातात घेतला आणि तीच कथा लावली. आई, फुलं, देवमाणूस. माझ्या मागच्या बाईने नाक शिंकरलं. मग त्याने लायलला पुढे बोलावलं. लायल लग्नाकार्यातला कोट घालून आला होता, तो पाठीत ताणला होता.

"कोच दयाळू नव्हते," लायल म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय.

"नव्हते. उशिरा येणाऱ्याला ते हिमात पळवायचे. माझे दात दुखत होते तरी पळवलंय. त्या रात्री माझी आई आली होती, खरं आहे. पण आई सगळ्यांचीच आली होती. बाकीची पोरं परत बोलावली. त्यांच्या आयांनी काय घोडं मारलं होतं?"

हसणं थांबलं. हे गणित इतक्या वर्षांत कुणी मांडलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"मी चांगला होतो म्हणून मला ठेवलं. तरी हरलो. हरतात. ज्याला कोच अव्वल वाटत नाही त्यानं तसं खुशाल म्हणावं. पण मला दया दाखवली असं ह्यापुढे कुणी बोलू नये." मग तो खुर्चीकडे वळला. "व्हीलनला का बसवलंत, कोच? इथं सांगा."

आणि त्याने माइक ओटिंगरांच्या तोंडापुढे धरला.

हॅरॉल्ड घाईघाईने पुढे झाला, पण कार्लाने त्याला हाताने अडवलं.  कोच लायलकडे बघत होते.  म्हातारा आता खोकला काढील आणि सुटेल, असं वाटलं. सुटला असता तर मी स्वतः कोर्टावर उतरणार होते, मग गाव काय म्हणायचं ते म्हणो.

"क्रेब्स चांगला होता," कोच म्हणाले. आवाज फाटका होता, पण सगळीकडे ऐकू गेला. "व्हीलनपेक्षा. आईचं मी रचलं होतं. नोकरी वाचवायला."

टाळ्या वाजल्या नाहीत. वरच्या रांगांतून कुणीतरी शीळ घातली, मग दुसऱ्याने हुर्यो केली. स्वतःच्या नावाच्या कोर्टावर म्हाताऱ्याची हुर्यो! कोच खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी वरच्या रांगांकडे अशा भुवया चढवल्या, की बँडवाल्याने घाबरून वेळेआधीच ढोल वाजवायला घेतला.

सोमवारी सकाळी हॉटेलात शिरताना लायलचा चेहरा पडलेला होता. रविवारी चर्चमध्ये निम्म्या लोकांनी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, हॅरॉल्डने तर नाहीच. देवमाणूस हिरावून घेतला की लोक रागावतातच. लायल काउंटरशी बसायला निघाला, तोच बड ओरडला.

"ए क्रेब्स! त्याला उजवीकडून का जाऊ दिलंस?"

लायल थांबला. "काय?"

"तो लंबू! उजवीकडून गेला ना? का जाऊ दिलंस?"

"तो डावखुरा होता. मी डावी बाजू बंद केली होती."

"डावखुरा! अरे, ग्रँट्सबरोचं शेंबडं पोरही सांगेल, तो शेवटचा चेंडू नेहमी उजवीकडून न्यायचा! म्हणजे कोचनं नाही घालवला सामना. तू घालवलास!"

"बड!" हॅरॉल्डने त्याचा दंड धरला. "काहीतरी लाज बाळग. डोरीन उभी आहे."

"थांब हॅरॉल्ड," लायल म्हणाला. "बोलू दे त्याला."

त्याने खुर्ची ओढली आणि त्यांच्या टेबलाशी बसला. सॉसची बाटली उचलून मध्ये ठेवली. "हा लंबू. हा कप म्हणजे मी. रिंग तिकडे, हॅरॉल्डकडे."

"खोटं!" बडने कप मागे सरकवला. "तू इथं होतास. एक पाऊल मागे."

"एक पाऊल पुढे होतो. मला विचार, मी होतो तिथं."

"मीही होतो, सातव्या रांगेत! दोन्ही डोळ्यांनी बघितलंय. पाय हलले नाहीत तुझे!"

इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याला गावात असं कुणी बोललं नव्हतं. त्याचे कान लाल झाले होते. तो टेबलावर मूठ आपटत होता, बडच्या हातातून कप हिसकावत होता. मी त्याच्यापुढे अंड्यांची ताटली ठेवली. त्याने ती बघितलीसुद्धा नाही, कोपराने बाजूला सारली, कारण तिथे त्याला व्हीलनला बसवायचं होतं. हॅरॉल्डने कंटाळून आपला पेला पुढे केला आणि म्हणाला, "व्हीलन बाकावर होता, तो इथं कसा येईल? हा घे पंच."

अंडी थंड झाली. ती पुन्हा गरम करायला मी आत घेऊन चालले होते, आणि मागे बड ताठ उभा राहून ओरडत होता, "तुझ्यामुळे हरलो, क्रेब्स! तुझ्यामुळे!"